नकाशा मोठा, पण शोधायचे काय?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत एका नव्या व्हिडिओ गेमची ओळख करून देणारा लेख वाचला. खेळाचा नकाशा आधीच्या भागापेक्षा किती पट मोठा आहे, मुख्य कथा किती तासांत संपते आणि तिच्याबाहेरची सगळी साईड मिशन्स, म्हणजे जोडकामे, पुरी करायची म्हटली तर शंभराच्या वर तास कसे लागतात, हे त्यात मोठ्या कौतुकाने सांगितले होते. त्या शंभर तासांत खेळणारा माणूस नेमके करतो काय, याबद्दल मात्र लेखात अवाक्षर नव्हते. महानगरपालिकेच्या शाळेत ३१ वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने या विषयात का पडावे, असा प्रश्न आपल्याला पडला असेल, तर घरात आठवीतली नात आहे एवढे स्पष्टीकरण पुरेसे व्हावे. शिवाय अनोळखी प्रदेश कसा धुंडाळावा आणि त्याची नोंद कशी ठेवावी, हाच माझा विषय होता.

या खेळांत मुलूख धुंडाळायला लावणारी जी मिशन्स असतात, ती कंटाळवाणी होतात अशी तक्रार खेळणारेच करतात, आणि त्यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात: अंतरे कमी करा, नाहीतर बक्षिसे वाढवा. हे दोन्ही उपाय दुखण्याच्या जागी लागत नाहीत, असे मला वाटते. लांब पल्ल्याने किंवा ओसाड माळाने कोणाला कंटाळा येत असता, तर आपल्याकडे पावसाळ्यातल्या रविवारी पहाटेची कर्जत लोकल भटक्यांनी भरून गेली नसती. पुढच्या वळणावर काय निघणार हे आधीच ठाऊक झाले, आणि शोधायला आपण गेलो काय किंवा दुसरा कोणी गेला काय, त्या जागेला काही फरक पडत नाही हे एकदा लक्षात आले, की कंटाळा सुरू होतो. मग वर सोन्याच्या मोहरा ठेवल्या तरी तो जात नाही.

नातीचा मामा दुबईला असतो. त्याने आणून दिलेल्या निन्टेंडो स्विचवर ती २०१७ साली आलेला ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ खेळते. सुरुवातीचे कित्येक दिवस मी शेजारी बसून नुसते बघत असे. डोंगरमाथ्यावर एखादा धोंडा उगाचच एकटा पडलेला दिसे. ती तो उचलून बघे आणि पानाचा मुखवटा घातलेला कोरोक नावाचा इवलासा प्राणी हसत प्रकट होऊन तिच्या हातावर एक बी ठेवी. तळ्यात कमळाच्या पानांचे कडे दिसले की ती वरून बरोबर मधोमध उडी मारी. दगडांच्या वर्तुळात एका दगडाची जागा रिकामी दिसली, की आसपास हिंडून तेवढाच दगड आणून बसवी. यातले काहीही कर म्हणून तिला कोणी सांगितलेले नव्हते आणि नकाशावर त्याची खूणही नव्हती. नजर तिची, शंका तिची, आणि खातरजमाही तिनेच करायची. या बियांच्या मोबदल्यात शस्त्रे ठेवायच्या थैलीतली जागा वाढते, म्हणजे बक्षीसही अगदीच पोकळ नव्हते. पण तिच्या चेहऱ्यावर जो आनंद मी पाहिला तो थैलीचा नव्हता, आपला संशय खरा ठरल्याचा होता.

पुढे वर्गातल्या कोणीतरी तिला सांगितले, की असे एकूण ९०० कोरोक आहेत आणि ते सगळे कुठे कुठे आहेत हे दाखवणारा नकाशा इंटरनेटवर मिळतो. त्या दिवसापासून आमच्या घरातला खेळ बदलला. मांडीवरच्या टॅबवर तो नकाशा उघडा, समोर टीव्हीवर खेळ सुरू, आणि ही एकेका ठिपक्यापाशी जाऊन धोंडा उचलणार, मान खाली घालून टॅबवर बरोबरची खूण करणार आणि पुढच्या ठिपक्याकडे निघणार. कोरोक पूर्वीसारखाच हसत होता, हिचे हसणे मात्र थांबले होते. ‘आबा, ३१२ झाले,’ असे तिने एका संध्याकाळी सांगितले, ते वाण्याची यादी वाचून दाखवावी तसे. धोंडा तोच, डोंगर तोच, बीसुद्धा तेच. मधून तिची शंका तेवढी वजा झाली होती.

या खेळातली गंमत पुढेच आहे. थैल्यांमधली सगळी जागा मिळवायला ४४१ बिया पुरतात, म्हणजे उरलेल्या ४५९ बियांचा व्यवहारात काडीचाही उपयोग नाही. आणि ज्याने नेटाने ९०० च्या ९०० गोळा केल्या, त्याला शेवटी जे मिळते ती सोनेरी रंगाची, चक्क विष्ठेच्या आकाराची एक वस्तू आहे! हे कळल्यावर मी मोठ्याने हसलो आणि नात रडकुंडीला आली. निर्मात्यांनी ही थट्टा जाणूनबुजून केलेली आहे. कोणी सगळे कोरोक वेचावेत अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. खेळणारा कुठल्या वाटेने जाईल हे आधी सांगता येत नाही, तेव्हा तो कुठल्याही वाटेने गेला तरी त्याच्या नजरेला काहीतरी पडावे, म्हणून एवढी पेरणी केलेली होती. पेरणारा शहाणा होता. आपण दाणे मोजायला बसलो. अर्थात मोजता येईल असा आकडा समोर आला की माणूस मोजायला बसतोच, हे पेरणाऱ्यानेही धरून चालायला हवे होते, असे नातीच्या बाजूने म्हणता येईल.

तिला यादी वाचताना पाहून मला २०११ ची जनगणना आठवली. आम्हा शिक्षकांना प्रगणक म्हणून नेमले होते आणि माझ्या वाट्याला विक्रोळीच्या पार्कसाईटच्या टेकडीवरचा एक गट आला होता. दीडशेच्या आसपास घरे, फेब्रुवारीतले ऊन, चढाच्या पायऱ्या आणि प्रत्येक उंबऱ्यावर तेच २९ प्रश्न. कागदावर पाहिले तर याहून रटाळ काम सापडणार नाही. घरयादीच्या वेळी दुसऱ्या कोणी काढलेला नजरी नकाशा माझ्या हातात होता आणि त्यात एक गल्ली सार्वजनिक नळापाशी संपलेली दाखवली होती. प्रत्यक्षात ती तिथे संपत नव्हती. नळाच्या मागे दोन भिंतींच्या मधे, अंग चोरून जाता येईल एवढी एक फट होती, आणि तिथून एक बाई डोक्यावर हंडा घेऊन आडवी होत बाहेर आली म्हणून ती माझ्या लक्षात आली. आत शिरून वर गेलो तर अकरा घरे निघाली, आणि त्यांच्याही पलीकडे एक सपाट कातळ होता, ज्यावरून मिठागरे आणि ठाण्याची खाडी एका नजरेत दिसत होती. शेवटच्या घरातल्या आजींनी तांब्याभर पाणी दिले आणि ‘इथवर कुणी येत नाही, मास्तर’ असे म्हणाल्या. तिथेच बसून ती अकरा घरे मी पेन्सिलने नकाशात भरली.

कामाचे मानधन पुढे मिळाले. ते किती होते हे आज आठवत नाही. ती फट मात्र आजही डोळे मिटून दाखवू शकेन. प्रश्न प्रत्येक घरात तेच होते हे खरे, पण उत्तरे घरागणिक वेगळी होती, आणि माझ्या पेन्सिलच्या रेघांमुळे माझ्यानंतर येणाऱ्याला ती अकरा घरे सापडणार होती. खेळातल्या शोधमोहिमेत या दोन गोष्टी आहेत का, एवढेच मी आता बघतो: जागा वेगळे उत्तर देते का, आणि मी तिथे गेल्याने नकाशात काही भर पडते का.

माझा एक जुना विद्यार्थी ऐरोलीत संगणक कंपनीत काम करतो. २०२३ साली आलेला ‘स्टारफील्ड’ हा खेळ त्याने मला त्याच्या घरी दाखवला. यात हजाराहून अधिक ग्रह आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर उतरता येते, हे ऐकून भूगोलाच्या मास्तराला तोंडाला पाणी सुटले. एका ग्रहावर उतरून आम्ही एका ओसाड प्रयोगशाळेपर्यंत चालत गेलो. पुढच्या ग्रहावर, दुसऱ्याच सूर्याभोवती, पुन्हा तशीच प्रयोगशाळा लागली. नुसती तशीच नव्हे, आतल्या खोल्या त्याच आणि टेबलावरच्या वस्तूही जागच्या जागी त्याच. याच खेळात ठिकठिकाणी प्राचीन मंदिरे आहेत, ज्यांत तरंगत जाऊन चमकणारे प्रकाशगोळे पकडले की नायकाला अद्भुत शक्ती प्राप्त होते. बक्षीस म्हणून हे भरघोसच म्हणायचे. पण अशी मंदिरे दोन डझनांच्या आसपास आहेत, प्रत्येकात करायचे ते हेच, आणि मिळालेली शक्ती वाढवायची तर खेळाच्या नव्या फेरीत पुन्हा तेच. आमच्या गावच्या देवळाला अकरा प्रदक्षिणा घालणारी माणसेसुद्धा दर प्रदक्षिणेला कोणाशी तरी नवे बोलून घेतात.

ग्रह रिकामे आहेत या टीकेला उत्तर देताना या खेळाच्या निर्मात्यांपैकी एकाने म्हटले होते, की चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांना तिथे काहीच नव्हते, तरी त्यांना कंटाळा आला नव्हता. हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे, म्हणून त्याचा उरलेला अर्धा तपासून पाहावा लागतो. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन हे चंद्रावर पहिल्यांदाच गाडी घेऊन फिरले. वेळापत्रक मिनिटामिनिटाचे आखलेले, परतायला उशीर झालेला, आणि वाटेत स्कॉट यांना एक सच्छिद्र काळा दगड दिसला. तिथे थांबण्याची परवानगी मिळणार नाही हे ओळखून त्यांनी सीटबेल्ट नीट करतो अशी सबब सांगितली, गाडी थांबवली, आणि अर्विन यांनी पृथ्वीवरच्या मंडळींना बोलण्यात गुंतवले असताना तो दगड उचलून आणला. ‘सीटबेल्ट बसाल्ट’ या नावाने तो आजही ओळखला जातो. आपला सह्याद्रीही बसाल्टचाच, आणि दगडात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची तशीच छिद्रे मी सहलीत मुलांच्या बोटांना लावून दाखवत आलो आहे. त्यामुळे ही हकिकत सांगताना वर्गात माझा आवाज नेहमी थोडा चढत असे.

चंद्र रिकामा होता, पण त्याच्यावरचा कुठलाही दगड पूर्वी कोणी पाहिलेला नव्हता, आणि बघणाऱ्याला दगड वाचता येत होते. अपोलो १५ च्या या दोघांनी भूगर्भशास्त्राचे धडे कसून घेतलेले होते. खेळातल्या ग्रहावरचा दगड हा दुसऱ्या ग्रहावरच्या दगडाचीच नक्कल असेल आणि तो वाचण्याची कुठलीच विद्या खेळ मला शिकवत नसेल, तर तिथले रिकामेपण चंद्रासारखे नसून बंद पडलेल्या मॉलसारखे असते. शिवाय सबब सांगून थांबावे, ठरल्या वाटेवरून जरा खाली उतरावे, ही जी चोरटी मजा आहे, तिच्यासाठी मिशनमध्ये जागाच ठेवलेली नसते. खूण जिथे आहे तिथे जा, बटण दाबा, खेळ पुरा झाल्याचा टक्का वाढेल.

याच विद्यार्थ्याच्या घरी याच्या नेमके उलटे उदाहरण मला पाहायला मिळाले, आणि तेही वरवर पाहता जास्तच कंटाळवाण्या खेळात. २०१४ च्या ‘एलिट डेंजरस’मध्ये आपली सबंध आकाशगंगा उभी केली आहे, सुमारे ४०,००० कोटी ताऱ्यांच्या संसारांसह. यानाने एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची, आजूबाजूला काय आहे त्याची नोंद करायची, ताऱ्याच्या कडेकडेने जाऊन इंधन भरून घ्यायचे आणि पुन्हा उडी. विद्यार्थी तीन आठवडे रोज रात्री जेवणानंतर तासभर हेच करत होता. बाहेरून बघणाऱ्याला जांभई यावी असा हा प्रकार आहे. पण एखादा तारा पूर्वी कोणीच नोंदलेला नसेल, तर त्याच्या माहितीत पहिला शोधक म्हणून तुमचे नाव लागते आणि पुढे तिथे येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ते दिसते. यातली मेख अशी, की नोंद करताच नाव लागत नाही. वस्तीच्या तळावर परत येऊन ती माहिती विकावी लागते, आणि वाटेत यान फुटले तर सगळ्या नोंदी गेल्या.

त्या परतीच्या रात्री मी तिथे होतो. जाताना ज्या उड्या तो वडापाव खात खात मारत होता, त्याच उड्या येताना दोन्ही हातांनी कळा धरून, पाठ ताठ करून मारत होता. तळ दिसू लागला तेव्हा मी काहीतरी विचारले, तर ‘सर, आता दोन मिनिटं बोलू नका,’ असे म्हणाला. आयुष्यात प्रथमच या मुलाने मला गप्प बसवले! यान उतरले, माहिती विकली गेली, आणि दूरच्या कुठल्याशा फिकट ताऱ्यापुढे त्याचे नाव लागले. पैसेही मिळाले, त्यांच्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. तीन आठवड्यांचा तोचतोपणा इथे वाया गेला नाही, कारण गमावण्याजोगे जे काही होते ते त्यानेच साठवून दिले होते. प्रवास छोटा केला असता, तर ही शेवटची दोन मिनिटेही तेवढीच हलकी झाली असती.

बक्षिसांविषयी थोडे सांगतो, कारण शिक्षक म्हणून यात माझेही हात पोळलेले आहेत. २००२ च्या ‘व्हाइस सिटी’तली १०० छुपी पाकिटे शोधायला माझा पुतण्या सायबर कॅफेत तासाला २० रुपये घालवत असे, दर दहा पाकिटांमागे नायकाला नवे शस्त्र किंवा तसेच काही मिळे, आणि त्या आशेवर तो पुढची दहा शोधे. २००७ च्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये ४२० झेंडे विखुरले होते, ज्यांचे खेळातल्या खेळात फळ शून्य होते. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात झेंडे गेले आणि १०० पिसे आली. ही पिसे नायकाच्या फाशी गेलेल्या धाकट्या भावाच्या आठवणीची, शोकाने अबोल झालेल्या आईसाठी वेचायची. कारण हृदयाला भिडणारे होते हे मान्य. पण पीस शोधण्याची कृती झेंडा शोधण्याहून तसूभरही निराळी नव्हती, त्यामुळे चाळिसाव्या पिसाला आई आठवत असेल असे मला वाटत नाही.

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग शिक्षणाच्या अभ्यासक्रमात असतो. मुळातच चित्रे काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना, चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र देऊ, असे आधी सांगितले. काहींना काही न सांगता नंतर अचानक दिले. आणि काहींना दिलेच नाही. पुढे एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिले, तर आधी आमिष दाखवलेली मुले रंगीत पेनांपाशी इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. मी नकाशे भरणाऱ्या मुलांच्या वहीत लाल शाईने तारे काढत असे, आणि तारा मिळाला नाही तर नकाशा अर्ध्यात सोडणारी मुलेही मीच तयार केली. नातीचे कोरोक हे त्याच जातीचे प्रकरण आहे. धोंड्याखालचे बी अचानक मिळत होते तोवर ते बिनधोक होते. ९०० चा आकडा कळला आणि तेच बी प्रशस्तिपत्र झाले.

मोबाईलवरच्या कित्येक फुकट खेळांत तर कंटाळा मुद्दाम तयार करून विकला जातो, त्याविषयी फार लिहीत नाही. बांधकाम पुरे व्हायला आठ तास थांबा, नाहीतर पैसे भरा. विकत घेतलेल्या मोठ्या खेळांतही ही युक्ती शिरली आहे. २०१८ च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’मध्ये अनुभवाचे गुण झपाट्याने वाढवणारी सोय वेगळे पैसे घेऊन दिली जात होती. आधी नळाची धार बारीक करायची आणि मग टँकर विकायचा, हा व्यवहार मुंबईकराला समजावून सांगायला नको. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, पण तो इथे लागू पडणार नाही. इथे पैसे जिंकण्याची आशाच नसते, फक्त सुटका विकत मिळते.

नातीला यादीच्या नादातून बाहेर काढले ते २०१९ च्या ‘आउटर वाइल्ड्स’ या खेळाने, आणि त्याचे श्रेय पुन्हा त्या ऐरोलीच्या विद्यार्थ्याला आहे. छोटीशी सूर्यमाला, आणि दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सगळे पुन्हा पहिल्यापासून. शस्त्र नाही, गुण नाहीत, थैली नाही. पुढच्या फेरीत सोबत येते ते फक्त तुम्हाला कळलेले, आणि यानातल्या नोंदवहीत उतरलेले. काय करायचे ते नेमके ठाऊक असेल तर सगळा खेळ एका फेरीत संपवता येतो, म्हणजे हजारो पावलांचे जे अंतर आहे ते सारे आपल्या अज्ञानाचे आहे. यातल्या एका जोडग्रहावर एकाची वाळू दुसऱ्यावर घड्याळातल्यासारखी सांडत असते, आणि त्यामुळे एकीकडच्या गुहा बुजत जातात व दुसरीकडचे बांधकाम उघडे पडत जाते. कुठल्या मिनिटाला कुठला दरवाजा उघडा असतो याची वेळापत्रके आम्ही दोघांनी शंभरपानी वहीत मांडली. एका रात्री झोपायला गेलेली नात अंधारातून परत आली आणि म्हणाली, ‘आबा, आपण उशिरा जात नाही आहोत, आपण लवकर जातोय.’ तिचे बरोबर होते. त्या वहीला कोणी तारा दिलेला नाही.

तरीही एका बाबतीत मला माझा सूर खाली आणायला हवा. माझा मुलगा रात्री साडेआठला चर्चगेटहून निघून दादरला गाडी बदलत घरी येतो, जेवतो आणि चाळीस मिनिटे खेळतो. नकाशावर खुणा असलेले, जा आणि वेचून आण या थाटाचे खेळच त्याला आवडतात. मी नाक मुरडले तेव्हा सुनेने मला सुनावले, की तुम्ही संध्याकाळी टीव्हीपुढे बसून गवार निवडता, तेव्हा त्यात कुठला शोध लावता? मला उत्तर देता आले नाही. हाताला काम आणि डोक्याला विश्रांती देणारा तोचतोपणा ही माणसाची खरी गरज आहे आणि खेळाने ती भागवली तर त्यात कमीपणा नाही. माझी तक्रार एवढीच, की गवार निवडण्याला शोधमोहीम म्हणून विकू नये, आणि परीक्षकांनी तरी त्या जाहिरातीला बळी पडू नये.

तेव्हा आपल्या पुरवणीसाठी खेळांचे परीक्षण लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, की नकाशाचे क्षेत्रफळ छापायला हरकत नाही, पण चाळिसाव्या तासाला हातून काय घडत होते हेही लिहावे. तिसरी गुहा पहिलीपेक्षा वेगळी निघाली का, खुणा बंद करून खेळता येते का, परत येताना काही गमावण्याची धास्ती वाटली का, हे वाचून पालकाला आणि खेळणाऱ्याला जेवढे कळेल तेवढे चित्रांच्या झगमगाटाच्या वर्णनाने कळत नाही.

दुसरी सूचना आपल्यामार्फत इथल्या शिक्षणसंस्थांना आहे. पेडर रोडवर २०२५ मध्ये गेम, अ‍ॅनिमेशन अशा विषयांचे शिक्षण देणाऱ्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजचे वर्ग भरवण्याची सोय झाली, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये जगभर पोहोचला. म्हणजे पुढे मागे आपल्याच मुलांच्या हातून असे मुलूख उभे राहणार आहेत. त्यांना संगणकापुढे बसवण्याआधी एक दिवस पायी हिंडायला लावावे. फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासूनचे अंतर रोमन आकड्यांत कोरलेले ब्रिटिश काळातले मैलाचे दगड मुंबईच्या जुन्या रस्त्यांच्या कडेला होते. त्यांतले काही रस्त्याची उंची वाढत गेल्याने पदपथात गाडले गेले, काही पुन्हा उकरून काढले गेले. हे दगड फोनवर काही न बघता शोधा, असे मुलांना सांगावे.

आम्ही आजोबा-नातीने हा प्रयोग गेल्या महिन्यात सुरू केला आहे. चर्चच्या दारातून निघून, मैल म्हणजे माझी साधारण २२०० पावले असा हिशेब धरून, उत्तरेकडे चालत गेलो. पहिल्या मैलाच्या सुमारास गर्दीने पावलांचा हिशेब चुकला आणि मागे जाऊन पुन्हा मोजावे लागले. दुसऱ्याला काही दिसले नाही. तिसरा मैल भायखळ्याच्या आसपास भरला. तिथे पेव्हर ब्लॉकच्या मधे दगडाचा एक गोलसर माथा हातभर वर आलेला होता आणि त्यावर शहाळेवाल्याने आपला कोयता ठेवला होता. त्याने कोयता बाजूला घेऊन आम्हाला दगड पुसू दिला, पण अक्षर काही लागले नाही. तो नुसता गटाराच्या कडेचा दगडही असू शकेल. नातीने वहीत ‘मैल तिसरा’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आहे आणि येत्या रविवारी तिला घासायचा ब्रश व पाण्याची बाटली घेऊन पुन्हा जायचे आहे.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त शिक्षक
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई